सहाशे खेपांऐवजी तीन : ग्रंथालयातील एका सुधारणेविषयी



मागील वार्षिक सभेत हिशेबपत्रकातील ‘ग्रंथालय संगणक प्रणाली – सुधारणा’ या नोंदीवर बोट ठेवून एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले होते, “ग्रंथालयातला संगणक अमेरिकेला असे काय विचारतो, आणि ते विचारायला सुधारणा कशाला लागते?” सभेत हशा पिकला, परंतु प्रश्न रास्त होता. वेळेअभावी त्या दिवशी त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. अहवालात सविस्तर लिहू, असे आम्ही तेव्हा सांगितले होते. त्या शब्दाची ही पूर्तता आहे. रक्कम लहान होती. तथापि तिच्यामागील गोष्ट लहान नाही आणि तीत आमच्या हातून घडलेली एक चूकही आहे. ती वगळून ही हकीकत सांगणे आम्हांस योग्य वाटले नाही.

आपल्या रुग्णालयात प्रत्येक विभागासाठी एक उपचार-मार्गदर्शिका आहे. अतिदक्षता विभागात रक्तदाब घसरलेल्या रुग्णास शिरेवाटे प्रथम कोणते द्रव द्यावे, शस्त्रक्रियेपूर्वी कोणती औषधे चालू ठेवावीत व कोणती थांबवावीत, नवजात अर्भकास कावीळ झाल्यास प्रकाशोपचार केव्हा सुरू करावा, अशा अनेक निर्णयांची टिपणे तीत आहेत. टिपण ज्या शोधनिबंधांच्या आधारे लिहिले गेले, त्यांचे क्रमांक त्याच्याखाली दिलेले असतात. रात्री दोन वाजता कामावर असलेला निवासी डॉक्टर ही मार्गदर्शिका उघडतो तेव्हा मूळ शोधनिबंध वाचत बसण्यास त्यास सवड नसते. तो टिपणावर विसंबतो आणि टिपण शोधनिबंधावर विसंबलेले असते.

शोधनिबंध मात्र कधीकधी मागे घेतले जातात. सर्वसामान्य वाचकास हे नवलाचे वाटेल. छापून आलेले संशोधन पुढे सदोष किंवा क्वचित बनावट असल्याचे आढळले, तर नियतकालिक ते मागे घेतल्याची जाहीर सूचना प्रसिद्ध करते. कोविडच्या काळातील एक उदाहरण पुष्कळांच्या स्मरणात असेल. २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’ या प्रतिष्ठित नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांची माहिती तपासली असल्याचा त्यात दावा होता आणि या औषधाने मृत्यूचा धोका वाढतो असे त्यावरून सुचविले होते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील या औषधाचा भाग काही दिवस स्थगित केला. पुढे मूळ माहिती स्वतंत्र तपासणीस उपलब्ध होईना, तेव्हा चारपैकी तीन लेखकांनी ४ जून रोजी तो शोधनिबंध मागे घेतला. प्रसिद्धी आणि माघार यांत दोन आठवड्यांचेही अंतर नव्हते.

दुसरे उदाहरण कमी गाजलेले आहे, परंतु आमच्या दृष्टीने अधिक बोलके. अतिदक्षता विभागात एके काळी स्टार्चयुक्त द्रव शिरेवाटे देण्याचा प्रघात जगभर होता. त्याच्या समर्थनार्थ असलेल्या अभ्यासांपैकी काही एकाच जर्मन भूलतज्ज्ञाचे होते आणि २०१० नंतर त्यांचे कित्येक शोधनिबंध मागे घेण्यात आले. २०१३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या विषयावरील सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्या तज्ज्ञाच्या चाचण्या वगळून हिशेब मांडला, तेव्हा स्टार्च दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे व मूत्रपिंडास इजा होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. त्या चाचण्या मिसळल्या की मृत्यूंतील फरक झाकला जात होता. खाटेवरील रुग्णास कोणती बाटली लावली जाणार हे अशा रीतीने दूरच्या एखाद्या सूचनेवर अवलंबून असू शकते. म्हणूनच मार्गदर्शिकेतील प्रत्येक शोधनिबंध अद्याप उभा आहे की मागे घेतला गेला आहे, याची आम्ही आठवड्यातून एकदा विचारपूस करतो. संगणक अमेरिकेला विचारतो ते हे.

अमेरिकेलाच का, याचेही उत्तर देणे प्राप्त आहे. मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथे तेथील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय आहे. जगातील वैद्यकीय नियतकालिकांची सूची करण्याचे काम या संस्थेने १८७९ पासून चालविले. ती सूची आज ‘पबमेड’ या नावाने सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे आणि तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीस एक कायमचा क्रमांक असतो. त्यास पीएमआयडी म्हणतात. शोधनिबंध मागे घेतला गेला की त्याच क्रमांकाच्या नोंदीवर तसा शेरा चढतो. शंका व्यक्त झाली असेल किंवा शुद्धिपत्र निघाले असेल, तर तेही नोंदले जाते. आपल्या मार्गदर्शिकेत आपण हेच क्रमांक लिहून ठेवलेले असल्यामुळे प्रश्न सोपा होतो : अमुक क्रमांकावर काही शेरा आहे काय?

हा प्रश्न विचारण्यास दोन दारे आहेत. एक माणसांसाठी, म्हणजे आपण पडद्यावर पाहतो ते पान. दुसरे यंत्रांसाठी. तेथे पान नसते, सजावट नसते. आपल्या संगणकाने ठरावीक पद्धतीने विचारणा पाठवावी आणि त्यांच्या संगणकाने ठरावीक पद्धतीने उत्तर द्यावे, एवढाच व्यवहार. या दुसऱ्या दारास संगणकाच्या परिभाषेत एपीआय म्हणतात. पबमेडच्या या सेवेचे नाव ‘ई-युटिलिटीज’ असे आहे. येथून जे बाहेर जाते त्यात शोधनिबंधांचे क्रमांक, आपल्या प्रणालीचे नाव आणि संपर्काचा पत्ता एवढेच असते. कोणाही रुग्णाविषयीची माहिती या मार्गाने जात नाही, हे रुग्णांच्या कुटुंबियांच्या माहितीसाठी येथे स्पष्टपणे नमूद करतो.

आमची जुनी पद्धत अगदी भाबडी होती. यादीतील पहिला क्रमांक घ्यावा, विचारावा, उत्तराची वाट पाहावी. मग दुसरा क्रमांक घ्यावा. ज्यांच्या घरचे माणूस कधी वॉर्डात दाखल होते त्यांना हा अनुभव परिचयाचा असेल. सिस्टर चिठ्ठी देतात, नातलग चार मजले उतरून औषधांच्या दुकानातून सलाईनची बाटली आणतो. परत येतो तो दुसरी चिठ्ठी तयार असते : सुई. ती आणल्यावर तिसरी : चिकटपट्टी. तिन्ही वस्तू एकाच फळीवर होत्या, दुकानदार एकच होता, पायऱ्या मात्र तीनदा चढाव्या लागल्या. (या बाबतीत आपल्याच रुग्णालयाविषयी तक्रारी आलेल्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत.) वस्तू देण्यास दुकानदारास फारसा वेळ लागतच नाही, वेळ जातो तो जिन्यात.

आमच्या संगणकाचा जिना बराच उंच आहे. मुंबईपासून बेथेस्डा सरळ अंतराने पावणेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास पडते. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. म्हणजे जाऊन येण्यास, वाटेत कोठेही न थांबता, सेकंदाचा आठवा भाग तरी हवाच. कितीही देणग्या मिळाल्या आणि कितीही वेगवान संगणक घेतले तरी हा आठवा भाग कोणास कमी करता येणार नाही. प्रत्यक्षात समुद्रतळावरील तारा वळसे घेत जातात व वाटेत अनेक ठिकाणी टपाल उतरते-चढते, त्यामुळे वेळ याहून अधिक लागतो. शिवाय प्रश्न विचारण्यापूर्वी दोन संगणकांचे नमस्कार-चमत्कार व्हावे लागतात. मी अमुक, तू खरोखर तमुकच ना, आपले बोलणे तिसऱ्यास कळू नये म्हणून कोणती किल्ली वापरायची. या प्रत्येक देवाणघेवाणीस पुन्हा एक जाणे-येणे. आमची जुनी प्रणाली प्रत्येक क्रमांकासाठी नव्याने ओळख करून घेत असे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून यादीत ६०० शोधनिबंध आहेत असे धरू आणि एका खेपेस एक सेकंद धरू. सहाशे खेपांना दहा मिनिटे होतात. आठवड्यातून दहा मिनिटे म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, आणि केवळ ती वाचविण्यासाठी विश्वस्तांपुढे खर्च मांडणे आम्हांस शोभले नसते. अडचण वेगळीच होती. प्रत्येक खेप ही अडखळण्याची एक संधी असते. पावसाळ्यात आपल्या भागातील इंटरनेट किती वेळा मान टाकते हे सर्वांस ठाऊक आहे. सहाशेपैकी दोनशे एकाव्या खेपेस जोडणी तुटली की प्रणाली तेथेच थांबे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. यादीच्या शेवटी असलेल्या विभागांची तपासणी अशी ओळीने काही आठवडे पूर्ण झाली नव्हती, हे आम्हांस फार उशिरा कळले.

दुसरी अडचण शिस्तीची. ही सेवा विनामूल्य असली तरी तिला मर्यादा आहे. नोंदणी न करता विचारणा करणाऱ्या पत्त्यास सेकंदास तीनपेक्षा अधिक विचारणा करता येत नाहीत. नोंदणी करून किल्ली घेतल्यास ही मर्यादा दहा होते. ‘पत्ता’ म्हणजे एक संगणक नव्हे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आपल्या संपूर्ण रुग्णालयाची इंटरनेट जोडणी एकाच दाराने बाहेर पडते. त्यामुळे बाहेरच्या जगास आपले सगळे संगणक मिळून एकच ग्राहक दिसतो. ग्रंथालयाची तपासणी वेगाने उरकावी म्हणून आम्ही ती चार तुकड्यांत एकाच वेळी चालवून पाहिली, तेव्हा औषधशास्त्र विभागाची एक निरुपद्रवी प्रणाली त्याच वेळी त्याच सेवेकडून माहिती घेत होती. मर्यादा ओलांडल्याचे उत्तर दोघांनाही आले. त्या विभागाच्या डॉक्टरांना वाटले आपली प्रणाली बिघडली. आम्हांस वाटले आमची. दोन दिवस दोन्हीकडे दुरुस्ती चालली होती, आणि बिघडलेले काहीच नव्हते.

यावरील उपाय, म्हणजेच सदर सुधारणा, एका वाक्यात सांगता येते : एका क्रमांकासाठी एक खेप करण्याऐवजी एकाच विचारणेत अनेक क्रमांक स्वल्पविरामांनी जोडून पाठवावेत. सेवा हे मान्य करते. किंबहुना तसेच करावे असे तिच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. थोडे क्रमांक असतील तर ते पत्त्याच्या ओळीतच लिहिता येतात. दोनशेहून अधिक असतील तर ते पत्त्यात न लिहिता, पाकिटाच्या आत ठेवावेत तसे, वेगळ्या प्रकारे पाठवावे लागतात, कारण पत्त्याच्या ओळीस लांबीची मर्यादा असते. आम्ही दोनशेचा गठ्ठा ठरविला. सहाशे क्रमांकांच्या तीन खेपा झाल्या. सेकंदास तीनची मर्यादा ओलांडण्याचा प्रश्नच उरला नाही आणि औषधशास्त्र विभागाशी आमचे पुन्हा सख्य झाले.

गठ्ठे बांधण्यापूर्वी यादी चाळून घेतली, तो आणखी एक लाभ झाला. एकच शोधनिबंध भूलशास्त्र, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता अशा तीन विभागांनी आधारास घेतलेला असे आणि आम्ही त्याची चौकशी तीनदा करीत असू. आता प्रथम पुनरावृत्ती काढून टाकली जाते व आलेले उत्तर तिन्ही ठिकाणी नोंदले जाते. या साध्या आवरसावरीने किती विचारणा कमी होतील याचा आधी अंदाज नव्हता. संगणकतज्ज्ञास बोलावण्यापूर्वी हे आम्ही स्वतःच करू शकलो असतो, हे कबूल करावयास हवे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. गठ्ठ्याने विचारण्याची ही कल्पना नवी नाही. १९६४ मध्ये याच ग्रंथालयाने आपली सूची प्रथम संगणकावर आणली, तेव्हा सर्व नोंदी चुंबकीय फितीवर असत. फितीवरील एखादी नोंद शोधायची तर फीत पहिल्यापासून फिरवावी लागे. एका डॉक्टरच्या प्रश्नासाठी ती फिरविणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून टपालाने आलेले प्रश्न साठवीत, एकत्र करीत, आणि फीत एकदा फिरवून त्या साऱ्यांची उत्तरे काढीत. उत्तर हाती पडण्यास कित्येक आठवडे लागत. १९७१ मध्ये दूरध्वनीच्या तारांवरून थेट विचारण्याची सोय झाली आणि एकेक प्रश्न विचारण्याची चैन सुरू झाली. आमची जुनी प्रणाली त्या चैनीची वारस होती. ज्या जुन्या ग्रंथपालांनी टपालाच्या काळात काम केले, त्यांना आमची ‘सुधारणा’ ऐकून हसू येईल.

आता चुकीविषयी. नवी पद्धत सुरू झाल्यावर दोन-तीन आठवडे सर्व सुरळीत असल्याचे आम्ही समजत होतो. एके दिवशी शस्त्रक्रिया विभागाच्या एक ज्येष्ठ डॉक्टर ग्रंथालयात आल्या. संगणकाने मागे घेतला म्हणून दाखविलेला एक शोधनिबंध त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते, “हा शोधनिबंध मागे घेतलेला नाही. तुम्ही दुसऱ्याच कोणाचे नाव यादीत लावले आहे.” आम्ही पबमेडचे पान उघडून पाहिले. त्यांचे म्हणणे खरे होते.

घडले ते असे. आमची प्रणाली गठ्ठ्यातील क्रमांक ओळीने पाठवी आणि आलेली उत्तरे ओळीने लावी. पहिल्या प्रश्नास पहिले उत्तर, दुसऱ्यास दुसरे. दोनशे प्रश्नांची दोनशे उत्तरे आली असती तर यात काही बिघडले नसते. परंतु यादीत टंकलेखनाच्या चुकीने एक असा क्रमांक शिरला होता, की त्या क्रमांकाची नोंदच अस्तित्वात नव्हती. काही सेवा अशा वेळी ‘हा क्रमांक सापडला नाही’ असे स्पष्ट कळवितात. आम्ही वापरलेल्या प्रकारात तो क्रमांक उत्तरांतून नुसताच गळाला. उत्तरे आली एकशे नव्याण्णव. गळालेल्या जागेपासून पुढची सारी उत्तरे एकेका घराने वर सरकली. एकाचा शेरा शेजाऱ्याच्या माथी बसला आणि ज्याच्यावर तो खरोखर होता, तो शोधनिबंध आमच्या यादीत निष्कलंक म्हणून मिरवू लागला. गठ्ठ्यातील शेवटच्या क्रमांकास उत्तरच उरले नाही, आणि उत्तर नाही म्हणजे आक्षेप नाही असे प्रणालीने धरून घेतले.

रुग्णालयात वावरणाऱ्या कोणासही यातील धोका समजावून सांगावा लागू नये. वॉर्डातून रक्ताच्या वीस नळ्या एका ट्रेमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पाठवितात. प्रत्येक नळीसाठी वेगळी खेप करा असे कोणी म्हणत नाही. परंतु प्रत्येक नळीवर रुग्णाचे नाव व क्रमांक चिकटविलेला असतो, आणि अहवाल परत आल्यावर सिस्टर ते नाव वाचून लावतात. खाटांच्या ओळीप्रमाणे अंदाजाने लावीत नाहीत. वीस नळ्या गेल्या आणि एकोणीस अहवाल आले, तर विसाव्या रुग्णाचे रक्त चांगले आहे असा अर्थ त्या घेत नाहीत. त्या दूरध्वनी उचलतात. वॉर्डातील ही शिस्त इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ग्रंथालयातही ती लागू आहे हे आम्हांस सुचले नाही.

त्या शेजाऱ्याच्या आड लपलेला शोधनिबंध ज्या टिपणाखाली होता, ते टिपण अन्य दोन स्वतंत्र अभ्यासांवरही उभे होते. संबंधित विभागाने त्याचा फेरविचार केला आणि उपचारात बदल करावा लागला नाही. हे सुदैव झाले. त्यात आमच्या यंत्रणेचे कर्तृत्व काही नव्हते. पुढील सभेत आम्ही ही बाब विश्वस्तांपुढे स्वतःहून ठेवली.

त्यानंतर जे बदल केले त्यांतील मुख्य असा, की उत्तर कोणत्या जागी आले याकडे प्रणाली आता पाहतच नाही. प्रत्येक उत्तराच्या आत त्याचा स्वतःचा पीएमआयडी असतो. तो वाचून उत्तर त्याच्या प्रश्नास जोडले जाते. गठ्ठा परत आला की पाठविलेल्या क्रमांकांतून आलेले क्रमांक वजा केले जातात. उरलेल्यांना ‘उत्तर आले नाही’ असा तिसरा शेरा मिळतो. पूर्वी आमच्या वहीत दोनच रकाने होते, ‘ठीक’ आणि ‘मागे घेतला’. तिसरा रकाना छापून घेण्यास फारसा खर्च आला नाही. तिसऱ्या रकान्यातील प्रत्येक क्रमांक ग्रंथपाल स्वतः उघडून पाहतात.

टंकलेखनातील सगळ्याच चुका अशा गळून उघड होत नाहीत, ही त्याहून नाजूक बाब. दोन अंक उलटसुलट झाले, तर बहुधा तो क्रमांकही खराच असतो, फक्त भलत्याच कोणत्या तरी शोधनिबंधाचा. आपण हृदयविकाराविषयी विचारतो आणि उत्तर येते गोगलगायीविषयी. आणि गोगलगायीविषयीचा तो शोधनिबंध अर्थातच निर्दोष असतो. म्हणून आता क्रमांकाबरोबर शीर्षकही ताडून पाहिले जाते. शीर्षके जुळली नाहीत तर तोही क्रमांक तिसऱ्या रकान्यात जातो. मार्गदर्शिकेतील अशा चुकीच्या क्रमांकांची दुरुस्ती हे काम त्या वर्षी अनपेक्षितपणे पदरी पडले.

गठ्ठ्याचा आणखी एक स्वभाव आम्हांस पुढे कळला. डॉक्टरांनी विचारले, की आमच्या शोधनिबंधाचा पुढे कोणी कोणी आधार घेतला हेही संगणकाने कळवावे. त्यासाठीही सेवेत सोय आहे. पण तेथे क्रमांक स्वल्पविरामांनी जोडून पाठविले, तर सर्वांची उत्तरे एकाच ढिगात येतात. कोणते कोणाचे ते कळावयास मार्ग राहत नाही. प्रत्येक क्रमांक त्याच विचारणेत, परंतु स्वतंत्र प्रश्न म्हणून लिहिला, तर उत्तरेही स्वतंत्र कप्प्यांत येतात. खेप दोन्ही वेळा एकच. फरक एवढाच, की एका वेळी वीस नळ्या ट्रेमध्ये उभ्या असतात आणि दुसऱ्या वेळी त्यांतले रक्त एकाच भांड्यात ओतलेले असते. सेवेची माहितीपुस्तिका पूर्ण वाचण्यास पर्याय नाही, हे आमच्या तरुण संगणकतज्ज्ञांनी आम्हांस तेव्हा ऐकविले. ते खरे असल्यामुळे आम्ही ऐकून घेतले.

मग सहाशेचा एकच गठ्ठा का करीत नाही, असे कोणी विचारील. करता येतो. परंतु मोठा गठ्ठा वाटेत अडकला तर सगळाच पुन्हा पाठवावा लागतो, आणि उत्तरही एवढे मोठे येते की संथ जोडणीवर ते अर्धवट तुटण्याचा संभव वाढतो. दोनशेचा गठ्ठा तुटला तर प्रणाली थोडे थांबून तोच पुन्हा पाठविते. तरीही साधले नाही तर त्याचे शंभर-शंभरचे दोन भाग करून पाहते. बाकीचे गठ्ठे तोपर्यंत आपापल्या वाटेने गेलेले असतात. यादीच्या शेपटाकडील विभागांवर पूर्वी होत असलेला अन्याय यामुळे संपला.

मोठी कामे त्यांच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार रात्री नऊ ते पहाटे पाच या काळात किंवा शनिवार-रविवारी करावीत, अशी त्या ग्रंथालयाची विनंती आहे. आमच्या तीन खेपांस मोठे काम म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु परक्याची विनामूल्य सेवा वापरताना त्याची सोय पाहावी, एवढ्या हेतूने आम्हीही ती पाळतो. त्यांची रात्र ही आपली सकाळ असते. दर मंगळवारी सकाळी आठ वाजता, बाह्यरुग्ण विभागाची खिडकी उघडण्यापूर्वी, विचारणा जाते. त्या वेळी उन्हाळा असो वा हिवाळा, तेथे रात्रच असते.

खर्चाविषयी. सेवेचे शुल्क नाही, किल्लीचेही नाही. हिशेबपत्रकात दिसलेली रक्कम ही प्रणाली नव्याने लिहिणाऱ्या तज्ज्ञांचे मानधन आणि ग्रंथालयातील एका संगणकाची दुरुस्ती यांची होती. ग्रंथपालांनी तिसऱ्या रकान्यासाठी दिलेला वेळ तीत धरलेला नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शेरा आढळला म्हणून संगणक उपचार बदलत नाही. तो विभागप्रमुखांच्या टेबलावर एक कागद पाठवितो. माघारीची सूचना वाचून काय करावयाचे ते डॉक्टर ठरवितात. सर्व नियतकालिके पबमेडच्या सूचीत नाहीत. आपल्या देशातील कित्येक उपयुक्त नियतकालिके तीत नसल्यामुळे त्यांतील आधारांची तपासणी आजही हातानेच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रॉसरेफ या संस्थेने मागे घेतलेल्या शोधनिबंधांचा ‘रिट्रॅक्शन वॉच’ हा संग्रह विकत घेऊन सर्वांसाठी खुला केला. त्याच्याशीही आपली यादी ताडून पाहावी असा विचार आहे; पण तेथे पीएमआयडी पुरेसा होत नाही, डीओआय नावाचा वेगळा क्रमांक लागतो. मार्गदर्शिकेतील जुन्या आधारांपुढे तो लिहिण्याचे काम दोन प्रशिक्षणार्थींकडे सोपविले आहे. भूलशास्त्र व बालरोग या विभागांचे पूर्ण झाले आहे, शस्त्रक्रिया विभागाचे चालू आहे.

मंगळवारच्या तपासणीची वही ग्रंथालयात टेबलावरच असते. कोणाही देणगीदारास, विश्वस्तास अथवा रुग्णाच्या नातलगास ती पाहावयाची असल्यास सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत ग्रंथपालांकडे मागावी. तिसरा रकाना शेवटून दुसऱ्या पानापासून सुरू होतो.